ॲडाचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? डब्लिनमध्ये मराठी माणसं काही फार नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकदा माझ्यासाठी टाळ्या वाजवलेल्या आहेत. बोलायचं आहे ते त्या टाळ्यांबद्दलच.

पण आधी मला थोडी बढाई मारू द्या. उगाच नाही — त्याशिवाय तुम्हाला वाटेल की मी घाबरून काहीतरी केलं. परक्या देशातली बाई, नोकरीची काळजी, व्हिसाची काळजी. तसं काही नव्हतं. आयरिश पासपोर्ट केव्हाच हातात आला होता. ल्यूकनला स्वतःचं घर होतं, नवऱ्याची, निखिलची, सॉफ्टवेअरमधली नोकरी पक्की होती. मला कुणाचीही भीती नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण मला स्वतःला ते विसरायला फार आवडतं.

मी केमिस्ट आहे. सँट्रीला एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. ही कंपनी फेक टॅन बनवते. पुण्यात नातेवाइकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना मी चेष्टा करते आहे असंच वाटलं होतं. इथल्या गोऱ्या मुली लग्नाला, पार्टीला, अगदी शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं म्हटलं तरी अंगाला सावळा रंग फासतात. पैसे देऊन, तासभर आरशासमोर उभं राहून. पण तो रंग नारिंगी दिसायचा, कोपराला काळा पडायचा, पांढऱ्या चादरी खराब करायचा, आणि उतरायला लागला की अंगावर ठिपके ठिपके उरायचे.

माझा रंग तसा नव्हता. तो इथल्या पावसात टिकायचा. चादरीला लागायचा नाही. आणि गरम पाणी नि साबण लागला की एका आंघोळीत उतरायचा — मागे ठिपका नाही, डाग नाही. मोठमोठ्या कंपन्यांना जे जमलं नव्हतं ते मला जमलं होतं. आणि त्याची छटा मी कशावरून जुळवली, माहीत आहे? माझ्या हातावरून. मनगटापासून कोपरापर्यंतचा माझा स्वतःचा रंग. लॅबमधल्या उजेडात काचेच्या पट्टीवर फासलेला नमुना मी माझ्या हाताशेजारी धरायचे आणि म्हणायचे, अजून थोडा पिवळा हवा. अजून किंचित लाल.

"रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" — माझ्या लग्नाच्या वेळी हे वाक्य किती जणांनी किती घरांत म्हटलं असेल. त्या 'पण'ला घाबरून आई मला सायीत हळद कालवून लावायची. आणि आता त्याच रंगाच्या बाटल्या भरल्या जाणार होत्या. मला अभिमान वाटायचा. खरं सांगते, आजही वाटतो. तो खोटा नव्हता. माझ्या या सगळ्या गोष्टीत तेवढा एकच अभिमान खरा आहे.

जाहिरात ठरवायच्या बैठकीला मला वरच्या मजल्यावर बोलावलं. लॅबमधल्या माणसाला असं कुणी बोलवत नाही. मार्केटिंगचा प्रमुख डेक्लन, जाहिरात कंपनीचे दोघं, ॲडा आणि मी.

ॲडा कोण, ते सांगायला हवं. ती डेक्लनच्या हाताखाली काम करायची. तिशीची असेल-नसेल. आईवडील नायजेरियाचे, दोघंही कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरीला, आणि ही लहानाची मोठी तिथेच झालेली. बोलायची तर पक्की तिथलीच, पश्चिमेकडच्या मेयो परगण्याची. कुठली तू, असं कुणी विचारलं की ती कासलबार म्हणायची. विचारणारा पुढच्या उत्तराची वाट बघत थांबायचा. ॲडा पुढचं उत्तर द्यायचीच नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहायची. मला ते भारी आवडायचं. आमची कँटीनमधली ओळख, पण चांगली ओळख.

जाहिरातीत दोन फोटो होते. पहिल्यात एक आयरिश मुलगी, माझ्या रंगात न्हालेली — कपाळावर मोठी टिकली, कानात झुमके, लेहेंगा, हात जोडलेले, एक डोळा मिटलेला. दुसऱ्यात तीच मुलगी, ऑफिसच्या कपड्यांत, आपल्या मूळच्या गोऱ्या चेहऱ्याने हसत कॉफी घेताना. खाली ओळ होती: 'शुक्रवारी ब्राऊन. सोमवारी पुन्हा नॉर्मल.'

मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? छटा. फोटोत छटा किती अचूक उतरली आहे, ते. मग टिकली जरा वर लागली आहे, ते. आणि मग — मग ती ओळ. 'नॉर्मल' या शब्दाशी मी थांबले. मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. मला तेव्हाच कळलं होतं.

पण बोलली ॲडा. खुर्चीत पुढे सरकून ती म्हणाली, "ही जाहिरात बसस्टॉपवर लागणार. तिच्याखाली उभी राहून जी बाई बसची वाट बघत असेल, तिचा रंग सोमवारी उतरत नाही."

इंग्रजीत म्हणाली, अर्थात. पण मला ते आता मराठीतच ऐकू येतं, इतक्या वेळा मी ते मराठीत म्हटलं आहे.

जाहिरात कंपनीचा माणूस आपल्या पेनाकडे बघत राहिला. मग डेक्लन माझ्याकडे वळला. वाईट माणूस नाही तो, खरंच नाही. अगदी काळजीने त्याने विचारलं, की कपडे तर भारतीय आहेत, म्हणजे प्रश्न तुम्हा भारतीयांचा आहे — तुला हे खटकतं का?

कल्पना करा. सगळी खोली माझ्याकडे बघते आहे. सगळ्यांना माझं मत हवं आहे. रंग माझा, बाटली माझी, आणि आता निर्णयही माझा. मला किती मोठं वाटलं असेल!

"अजिबात नाही," मी म्हणाले. "ग्रँड आहे. थोडा क्रेक, दुसरं काय."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. गंमतीला इथले लोक म्हणतात तसं मी 'क्रेक' म्हटलं, याचंही त्यांना कौतुक वाटलं. डेक्लन ॲडाला म्हणाला, बघ, झालं ना? ॲडाने समोरची वही मिटली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

का म्हणाले मी तसं? जाहिरात अडली असती तर बाटली बाजारात यायला उशीर झाला असता, हे एक. आणि दुसरं, जे कबूल करायला जास्त जड आहे — मला ॲडाचा राग आला होता. माझा रंग आता कुठे मिरवायची गोष्ट झाली होती, आणि ही त्याचं पुन्हा दुःख करून ठेवत होती. असं वाटलं मला. हे कारण आहे, सबब नाही.

जाहिरात लागली. ॲडाच्याच म्हणण्याप्रमाणे बसस्टॉपवर लागली. आठवडाभरात रेडिओवर लोक फोन करून चिडायला लागले, कुणी कुणी फलकांवर रंग फासला. मी मात्र दुकानांत जाऊन बाटल्या किती खपल्या ते बघत होते.

मग एका सोमवारी इरा शाळेतून आली. माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते, अस्सल डब्लिनच्या सुरात, आणि मला इथल्या मुलांसारखं आईऐवजी 'मॅम' म्हणते. दप्तर न काढता ती स्वयंपाकघरात उभी राहिली. वर्गातल्या एका मुलीने तिला विचारलं होतं — आज सोमवार ना, मग तू अजून नॉर्मल का नाही झालीस? वर्ग हसला होता. इरा रडत नव्हती. तिला फक्त एक विचारायचं होतं.

"मॅम, ती बाटली तुझी आहे ना? तुला माहीत होतं ते असं लिहिणार आहेत?"

मी कपाटातून कप काढत होते. पाठ तिच्याकडे होती. खरं उत्तर अगदी साधं होतं. हो, माहीत होतं, आणि मी ग्रँड म्हणाले. एवढंच. मी वळले आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं त्यांना. तिथल्या तिथे सांगितलं. माझं ऐकलं नाही."

काय सांगितलंस, तिने विचारलं.

आणि मी ॲडाचं वाक्य म्हटलं, तिच्याच इंग्रजीत. बसस्टॉप, खाली उभी असलेली बाई, सोमवारी न उतरणारा रंग. शब्दन् शब्द. अडखळले नाही, आठवावं लागलं नाही. जणू कधीपासून ओठांवर तयार होतं.

इराचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. मूल आपल्याकडे असं बघतं तेव्हा काय वाटतं, ते शब्दांत नाही सांगता येत. माझ्या बाटलीकडे जगाने पाहिलं असेल-नसेल, पण माझ्याकडे असं कुणीही पाहिलं नव्हतं. ते मला परत करवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितलं. बाईंनी तिला पुढे बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. निखिलने मित्रांना सांगितलं. कुणीतरी ते वाक्य माझ्या नावाने व्हॉट्सॲपवर टाकलं. पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला, आणि एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणारे बाबा म्हणाले, "बेटा, माझी मान ताठ केलीस." मी काय म्हणाले? मी म्हणाले, त्यात काय बाबा, कुणीही बोललं असतं.

बघा ना. खोट्याला विनयाचीही जोड दिली.

इकडे ऑफिसात चौकशी सुरू झाली. जाहिरात काढून टाकली होती, कंपनीने माफी मागितली होती, आणि वरच्यांना आता हे हवं होतं की बैठकीत कुणालाच काही खटकलं नव्हतं. सगळ्यांची चूक म्हणजे कुणाचीच नाही. ॲडाने सांगितलं, मी बोलले होते. डेक्लन म्हणाला, स्पष्ट विरोध असा कुणी केल्याचं स्मरत नाही. जाहिरात कंपनीच्या माणसांना तर काहीच स्मरत नव्हतं. उरले मी. एचआरच्या बाईंनी मला बोलावलं, चहा दिला आणि विचारलं.

मी म्हणाले, सगळेच मोकळेपणाने बोलत होते. नेमकं कोण काय म्हणालं ते आता सांगता येणार नाही.

आदल्याच संध्याकाळी माझ्या घरात पाहुण्यांसमोर मी ते वाक्य म्हणून दाखवलं होतं.

त्या वेळी तरी खरं बोलता आलं असतं. पण ॲडा बोलली होती हे सांगायचं, तर त्यावर मी काय बोलले तेही आलंच असतं. आणि मग इरापर्यंत काय गेलं असतं? असे विचार मी तेव्हा केले. ॲडाचा विचार केला का? केला. केला, आणि बाजूला ठेवला.

ॲडा नाताळच्या आधी नोकरी सोडून गेली. कुणी काढलं नाही तिला. पण तिने आपली बाजू सावरायला काहीतरी रचून सांगितलं असं सगळ्यांच्या मनात बसलं, आणि तशा नजरांत रोज कोण बसेल? जायच्या दिवशी ती लॅबच्या दारापर्यंत आली होती. मी काचेतून पाहिलं तिला. मी सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा ती नव्हती.

त्याच वर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार केला होता. शाळेचा हॉल, शाल, श्रीफळ, आणि टाळ्या. सूत्रसंचालकाने ते वाक्य माइकवर वाचलं. मी खाली मान घातली. लोकांना तो संकोच वाटला. खरं तर संकोच नव्हताच. मी ऐकत होते, वाक्य माइकवर किती छान वाजतं ते.

पुढे कंपनीने जाहिराती तपासायला एक समिती केली, आणि तिची प्रमुख म्हणून मला नेमलं. हे काम मी चोख करते. आतापर्यंत बऱ्याच जाहिराती मी अडवल्या आहेत, दोनदा तर डेक्लनशी भांडून. नवीन आलेल्या मुली माझ्याकडे येऊन बसतात, मन मोकळं करतात. मला त्याचा अभिमान आहे. असू नये का? काम तर खरं आहे. मग दर वेळी 'हे चालणार नाही' म्हणताना माझ्या तोंडून दुसऱ्या कुणाचा तरी आवाज येतो आहे असं का वाटतं?

इथपर्यंत येऊन मी थांबले असते, तर तुम्ही म्हणाला असता, झालं ते झालं, जुनी गोष्ट आहे. पण याच वर्षी इरा वक्तृत्व स्पर्धेसाठी कासलबारला गेली. आता ती पंधरा वर्षांची आहे, उंच, आणि बोलायला लागली की लोक हातातलं ठेवून ऐकतात. मी तिला गाडीने घेऊन गेले. कासलबार म्हटल्यावर माझ्या मनात ॲडा यायला हवी होती ना? नाही आली. इतकं मी ते पुरून टाकलं होतं.

परीक्षकांच्या टेबलावर तीन जण होते. मधली ॲडा होती.

मी मागच्या रांगेत होते. उठून बाहेर जावं असं वाटलं, पण इरा उभी राहिली होती. विषय होता, लहान माणसाच्या बोलण्याने काही बदलतं का. मला अंदाज होता ती कुठे जाणार, आणि ती तिथेच गेली. "माझी आई एका खोलीत एकटी होती," ती म्हणाली. "आणि तरी ती बोलली." मग तिने ते वाक्य म्हटलं. मूळ इंग्रजीत. मी ॲडाकडे बघत होते. तिचा पेन कागदावर थांबला. तिने इराकडे पाहिलं, मग हळूहळू सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि मला शोधून काढलं.

इराला दुसरा नंबर मिळाला. बक्षीस झाल्यावर ॲडा आमच्याकडे चालत आली. केस आखूड केले होते, बाकी तशीच. इराला तिने विचारलं, ते वाक्य खरंच तुझ्या आईचं आहे का.

"हो," इरा म्हणाली. "सगळ्यांच्या तोंडावर बोलली ती."

ॲडाने माझ्याकडे पाहिलं. वाट बघत होती ती. जशी ती कासलबार म्हणून थांबायची, तशी नाही — या वेळी ती मला जागा देत होती. एक श्वास घेण्याइतकी जागा. मला फक्त नाही म्हणायचं होतं. तिथे कंपनी नव्हती, डेक्लन नव्हता, मंडळ नव्हतं. फक्त ती, मी आणि माझी मुलगी.

मी हसले. अवघडल्यासारखं, विनयाने.

ॲडा इराला म्हणाली, "मग तुला आईचा अभिमान वाटत असेल."

"खूप," इरा म्हणाली.

"चांगलं आहे वाक्य. जपून वापर," ॲडा म्हणाली, तिचा खांदा थोपटला, आणि गेली. ती मला उघडं पाडू शकत होती. तिने ते केलं नाही. माझ्यावर उपकार म्हणून नाही. मुलीच्या चेहऱ्याकडे बघून, एवढं मला कळतं.

परतीच्या रस्त्यावर इरा खुशीत होती. त्या मधल्या बाईंना आपलं बोलणं आवडलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग तिने विचारलं — ते बोलताना तुला भीती वाटली होती का, मॅम? नेमकं कसं वाटत होतं?

मी सांगितलं तिला. म्हणाले, हात थरथरत होते. कुणाला दिसू नयेत म्हणून टेबलाखाली घेतले. आवाज शेवटी जरा फाटला, घसा कोरडा पडला होता, पण समोर पाण्याचा ग्लास होता तो उचलला नाही, थरथर दिसली असती म्हणून. बोलून झाल्यावर कुणीच आपल्या बाजूने बोललं नाही, तेव्हा फार एकटं वाटलं.

हे सगळं खरं होतं. मी ॲडाच्या शेजारीच बसले होते. टेबलाखालचे ते हात मी पाहिले होते.

इराचे डोळे भरून आले. तिने गिअरवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि ल्यूकन येईपर्यंत बराच वेळ तसाच ठेवला. मला अभिमान वाटत होता. मी हात काढून घेतला नाही.